चौथ्या प्रकरणाच्या दोन प्रती: सुरुवातीच्या मंडळीत बिशपांमध्ये मोठा कोण?

रिकामा_फळा

सगळ्यांना नमस्कार. पहिल्या चार-पाच शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास वाचायला घेतलाय, निव्वळ हौस म्हणून, आणि एका जागी गाडी अडलीय.

घरात या विषयावर दोन तट आहेत. दादाचं म्हणणं, येशूचा शिष्य पेत्र रोमला गेला, त्याच्या गादीवर जो बसला तो सगळ्या बिशपांचा मुख्य, आणि हे पहिल्या दिवसापासून असंच. वहिनी म्हणते, काहीतरीच, सगळे बिशप सारखेच होते, हे मोठेपण पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन याच्यानंतर रचलेलं आहे. मी दोघांच्या मधे बसून वाचतोय.

वाचता वाचता उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सायप्रियन, त्याच्यापाशी आलो. २५१ च्या सुमारास त्याने मंडळीच्या एकतेवर एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचं चौथं प्रकरण दोन वेगळ्या रूपांत मिळतं. बाकीचे प्रेषितही पेत्रासारखेच होते, हे दोन्हींत आहे. पण एका प्रतीत पुढे येतं की ‘अग्रस्थान मात्र पेत्राला दिलं’, आणि पेत्राचं आसन सोडणारा स्वतःला मंडळीत कसा समजतो, असा सवालही येतो. दुसऱ्या प्रतीत अग्रस्थान आणि आसन दोन्ही गायब. तिथे म्हटलंय की सगळ्यांना मान आणि अधिकार यांत सारखा वाटा होता.

दादा म्हणतो, दुसरी प्रत कुणीतरी कापलीय. वहिनी म्हणते, पहिलीत कुणीतरी घुसडलंय. माझा प्रश्न साधा आहे: हा फेरफार केला कोणी? आणि त्या काळात दोन बिशपांचं वाजलं तर निकाल द्यायचा कोणी?

दगडी_पायरी

दादांच्या ‘पहिल्या दिवसापासून’ला थोडा चाप लावतो.

मराठी बायबल काढा. फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत ‘अध्यक्ष’ आणि ‘सेवक’ येतात. अध्यक्ष म्हणजे मूळ ग्रीकमधला एपिस्कोपॉस, तोच शब्द पुढे घासून घासून बिशप झाला. तिथे तो अनेकवचनी आहे: एका गावात अनेक अध्यक्ष. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० मध्ये प्रेषित पौल इफिसच्या ‘वडिलांना’ (म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांना) बोलावून घेतो, आणि अकरा वचनांनंतर त्याच माणसांना ‘अध्यक्ष’ म्हणतो. तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातही तेच. म्हणजे वडील आणि अध्यक्ष हे अजून वेगळे झालेलेच नाहीत.

पहिल्या शतकाच्या अखेरीला रोमहून करिंथला एक लांबलचक पत्र गेलं. करिंथच्या लोकांनी आपल्या वडिलांना पदावरून काढलं होतं, त्याबद्दल कानउघाडणी आहे. परंपरा ते क्लेमेंटच्या नावावर टाकते, पण पत्रात त्याचं नाव नाही. ‘रोममध्ये राहणारी देवाची मंडळी’ लिहिते आहे. एकच एक मुख्य बिशप कुठे दिसत नाही.

मग दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नाटियस येतो. त्याला पकडून रोमला नेत होते, वाटेत त्याने सात पत्रं लिहिली. ‘बिशपशिवाय काही करू नका’ हे तो सहा पत्रांत घोकतो. सातवं पत्र रोमला आहे, आणि नेमकं त्यातच रोमच्या बिशपाचा उल्लेख नाही. आता याचा अर्थ काय काढायचा तो काढा.

सायप्रियनबद्दल दुसरं कुणी सांगेल.

बारनिशी

सांगतो. माझी सगळी नोकरी टपालाच्या टेबलावर गेली. आवक, जावक, बारनिशी, एकतीस वर्षं. त्यामुळे उत्तर थोडं एकांगी येणार हे आधीच कबूल करतो. या इतिहासात मला आधी पत्ता आणि सही दिसते, धर्मशास्त्र मागाहून.

फळासाहेब, तुमच्या दुसऱ्या प्रश्नात ‘निकाल द्यायचा’ असा शब्द आहे. तिसऱ्या शतकात निकाल देणारं वरचं टेबलच नव्हतं. होता तो पत्रव्यवहार. कोण कुणाला लिहितो, कुणाचं पत्र मंडळीत वाचलं जातं, कुणाचं न वाचता परत जातं. तुम्ही बिशप आहात की नाही हे तुमच्या खुर्चीवरून ठरत नसे. शेजारच्या बिशपाने तुमच्या नावाने पत्र लिहिलं की तुम्ही बिशप.

२० जानेवारी २५० ला रोमचा बिशप फॅबियन सम्राट डेसियसने मांडलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात मारला गेला. पुढे वर्षाहून जास्त काळ नवा बिशप निवडताच आला नाही. मंडळीचा कारभार वडील आणि सेवक पाहत होते, आणि कार्थेजशी पत्रंही तेच लिहीत होते. इकडे सायप्रियन छळ टाळायला शहराबाहेर लपला होता. अशात रोमहून एक पत्र आलं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, कुणाला लिहिलंय ते नाही, आणि आतला सूर असा की मेंढपाळ कळप टाकून पळालाय. सायप्रियनने काय केलं असेल? त्याने ते मूळ पत्रच रोमला परत धाडलं. सोबत लिहिलं की अक्षर, मजकूर आणि कागद, तिन्हींवरून शंका येते. काही काढलंय किंवा बदललंय का ते तपासा, हे तुम्हीच लिहिलेलं का ते कळवा. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून फेरी मारून आलो. इतकं शांतपणे अपमान परत करणारा माणूस मी नोकरीत एकच पाहिला होता.

(त्याला खरंच शंका होती की ‘असलं पत्र तुम्ही लिहूच शकत नाही’ असं सभ्य भाषेत सुनावायचं होतं? मला दुसरं वाटतं.)

मार्च २५१ मध्ये रोममध्ये कॉर्नेलियस निवडून आला. लगोलग नोव्हेशियन नावाच्या विद्वान वडिलाने स्वतःलाही बिशप करवून घेतलं. भांडण छळात डगमगून श्रद्धा सोडलेल्यांना परत घ्यायचं का, यावर होतं. नोव्हेशियन म्हणे, नाही. कॉर्नेलियसने पुढे अंत्युखियाच्या बिशपाला लिहिलं की नोव्हेशियनने इटलीच्या कोपऱ्यातून तीन साधेभोळे बिशप आणवले, त्यांना कोंडलं, दिवसाच्या दहाव्या तासाला, म्हणजे दुपारी चारच्या सुमारास, ते दारूने झिंगले असताना डोक्यावर हात ठेवून घेतले, म्हणजे बिशपपदाचा अभिषेक करवून घेतला. अर्थात हे विरोधी पक्षाचं निवेदन आहे, तेवढं धरून वाचा. त्याच पत्रात रोमच्या मंडळीची मोजदाद आहे: ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ अ‍ॅकोलाइट (विधीतले मदतनीस), भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व गरजू १,५०० हून जास्त. त्याचा मुद्दा असा की एवढ्या मोठ्या मंडळीत बिशप एकच असतो, हे नोव्हेशियनला ठाऊक नव्हतं का?

तर आता रोमहून दोन बिशपांची पत्रं भूमध्य समुद्राभोवती फिरू लागली. दोघं लिहितात, मीच खरा. आफ्रिकेच्या बिशपांनी ठरवलं, घाई नको. कॅल्डोनियस आणि फॉर्ट्युनेटस या दोघांना रोमला पाठवू, ते पाहून येतील, तोवर पत्रांवर जुनाच पत्ता, ‘वडील आणि सेवक यांस’. हा ठराव आफ्रिकेतल्याच हॅड्रुमेटम गावच्या मंडळीला माहीत नव्हता. त्यांनी आपल्या बिशपाच्या नावे थेट कॉर्नेलियसला पत्र धाडून दिलं. मग सायप्रियन त्या गावी गेला, ठराव सांगितला, आणि हॅड्रुमेटमची पुढची पत्रं पुन्हा वडील व सेवक यांच्या नावाने जाऊ लागली.

कॉर्नेलियस भडकला. कालपर्यंत पत्रावर माझं नाव होतं, आज नाही, याचा अर्थ काय? सायप्रियनचं स्पष्टीकरणाचं पत्र आज उपलब्ध आहे, आणि ते कुठल्याही कार्यालयातल्या खुलाशासारखंच आहे: आपला अवमान करण्याचा हेतू नव्हता, सभेत ठरलं होतं, आता खात्री झाली आहे, यापुढे सगळे आपल्यालाच लिहितील.

रोमचा बिशप खरा कोण, हे आफ्रिकेने दोन माणसं पाठवून तपासलं आणि मग पत्ता बदलला. हे कॉर्नेलियसला झोंबलं, पण ‘तुम्ही कोण तपासणारे’ असं तो म्हणू शकला नाही, कारण त्याला ती मान्यता हवीच होती.

आता चौथं प्रकरण. ‘अग्रस्थान’वालं रूप आधीचं. लिहिताना सायप्रियनसमोर प्रश्न होता तो एका गावात दुसरी वेदी मांडून वेगळा बिशप करणाऱ्यांचा. त्याच्या लेखी पेत्राचं आसन म्हणजे प्रत्येक खऱ्या बिशपाचं आसन. ‘तू पेत्र आहेस’ हे वचन तो एका पत्रात सगळ्याच बिशपांच्या पदाला लावतो. तीनेक वर्षांनी रोममध्ये स्टीफन बिशप झाला आणि पुढे पाखंडी गटात झालेला बाप्तिस्मा धरायचा की नाही यावर दोघांचं बिनसलं. स्टीफन म्हणे, धरायचा, फक्त हात ठेवून आत घ्या. सायप्रियन म्हणे, मंडळीबाहेर बाप्तिस्माच नाही, पुन्हा द्या. स्टीफनने पेत्राच्या गादीचा हवाला दिला. आणि सायप्रियनच्या लक्षात आलं असणार, अरे, हे तर माझंच वाक्य माझ्याकडे परत येतंय. बहुतेक अभ्यासकांचं आज मत आहे की दोन्ही रूपं त्याच्याच हातची. दुसरं त्याने या भांडणात सुधारून लिहिलं. तेव्हा कापणारा कुणी नाही, घुसडणाराही नाही. ज्याने मसुदा केला त्यानेच दुरुस्ती केली. दादा आणि वहिनी दोघांनाही सांगा.

१ सप्टेंबर २५६ ला कार्थेजला सभा भरली, ८७ बिशपांची मतं एकेक करून नोंदली गेली. सुरुवातीलाच सायप्रियन म्हणाला, आपल्यातला कुणीही स्वतःला बिशपांचा बिशप करून घेत नाही आणि धाक दाखवून सहकाऱ्यांना आज्ञा पाळायला लावत नाही. नाव कुणाचंच घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

उलट_तपासणी

बारनिशीकाका, झकास लिहिलंय, पण तुम्ही कागद एकाच कपाटातले काढताय. दुसरं कपाट मी उघडतो.

एक, त्याच सायप्रियनने त्याच स्टीफनला लिहिलेलं दुसरं पत्र आहे. आर्ल शहराचा बिशप मार्सियन नोव्हेशियनला जाऊन मिळाला होता. सायप्रियन स्टीफनला म्हणतो, तुम्ही गॉलमधल्या बिशपांना आणि आर्लच्या लोकांना पत्र लिहा, मार्सियनला काढून दुसरा नेमता येईल असं करा. सगळे सारखे असते तर त्याने स्वतःच लिहून मोकळं व्हायचं. रोमच्या पत्राचं वजन वेगळं होतं म्हणून ना ही विनंती?

दुसरं, २६० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या बिशपावर त्याच्याच भागातल्या लोकांनी तक्रार केली, की तो देवाच्या पुत्राबद्दल, म्हणजे येशूबद्दल, चुकीचं शिकवतो. तक्रार गेली कुठे? रोमला. आणि अलेक्झांड्रियासारख्या मातब्बर मंडळीच्या बिशपाने ‘तुमचा काय संबंध’ न म्हणता खुलासा लिहिला. दोघांचंही नाव डायोनिसियस, वाचताना जाम गोंधळ होतो.

आणि बाप्तिस्म्याच्या वादात शेवटी टिकलं कोणाचं? ३१४ मध्ये आर्लच्या परिषदेने स्टीफनच्याच बाजूचा नियम केला, पुढे हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने आफ्रिकेतल्या फुटीर डोनाटस पंथाविरुद्ध तोच धरला. सायप्रियन संत झाला, पण त्याचा मुद्दा पडला.

शेवटचा कागद तर सरळ नियमाचाच आहे. ३४३ ची सार्डिकाची परिषद: पदावरून काढलेल्या बिशपाला वाटलं तर रोमच्या बिशपाला कळवावं, आणि त्याने योग्य वाटल्यास फेरसुनावणी लावावी. हे अपीलच झालं की.

बारनिशी

पहिले तिन्ही मान्य. आर्लचं पत्र तर मी मुद्दाम विसरलो असं कुणी म्हणालं तरी तक्रार नाही. रोमच्या शब्दाला वजन होतं. पेत्र आणि पौल दोघांच्या कबरी तिथे, राजधानी तिथे, आणि गरजूंना पैसा पाठवण्यात रोमची मंडळी पुढे. फक्त वजन वेगळं आणि हुकूम वेगळा, एवढंच माझं म्हणणं. हुकूम करायला गेला की तोच रोमचा बिशप अडायचा. १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याने ईस्टरच्या तारखेवरून साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानात) सगळ्या मंडळ्यांशी संबंध तोडायला घेतले, तेव्हा इफिसचा बिशप पॉलिक्रेटिस याने लिहिलं, माझ्या कुळातले सात जण बिशप होते, मी आठवा. अशा धमक्यांना मी भीत नाही. आणि गॉलमधला बिशप आयरेनियस तर तारखेच्या बाबतीत व्हिक्टरच्या बाजूचा, तरी त्याने समजावलं की पूर्वी रोमचा बिशप अनिसेटस आणि आशियातून आलेला बिशप पॉलिकार्प यांचंही यावर जमलं नव्हतं, पण अनिसेटसने पाहुण्याला मान देऊन रोममध्ये त्याच्याच हाती प्रभुभोजनाचा विधी सोपवला होता.

पण सार्डिकाचा कागद काढलात ते फार बरं केलंत. त्या कागदाची जी गोष्ट आहे ती मी निवृत्तीनंतर वाचली, नोकरीत असताना वाचली असती तर टेबलावर लावून ठेवली असती.

आफ्रिकेत सिक्का नावाच्या गावी अपिआरियस नावाचा वडील होता. त्याच्या बिशपाने, अर्बानसने, गैरवर्तनावरून त्याला बाहेर काढलं. हा गडी समुद्र ओलांडून थेट रोमला, तिथल्या बिशपाकडे, म्हणजे पोप झोसिमसकडे. झोसिमसने त्याची बाजू घेतली, आणि ४१८ मध्ये बिशप फाउस्टिनस आणि दोन वडिलांना आफ्रिकेला रवाना केलं. सोबत लेखी सूचना. अपिलाचा अधिकार रोमला आहे, आधार म्हणून नियम उतरवून दिलेले, आणि वर शीर्षक: निकियाचे नियम.

निकिया, ३२५, सगळ्या मंडळ्यांची पहिली मोठी परिषद. त्याच्यापुढे कुणाचंही काही चालत नाही. पण आफ्रिकेच्या बिशपांना ते नियम ओळखीचे वाटेनात. त्यांच्याकडे कार्थेजला निकियाची प्रत होती, आणि ती ऐकीव नव्हती. त्यांचा पूर्वीचा बिशप सेसिलियन स्वतः निकियाला हजर होता आणि त्यानेच ती आणली होती.

२५ मे ४१९, कार्थेज. अध्यक्ष बिशप ऑरेलियस. २१७ बिशपांची सभा म्हणून ती नोंदली आहे. ऑगस्टीन बसलेला. डॅनियल नावाचा लेखनिक रोमच्या सूचना वाचायला लागतो. अपिलाचा नियम येतो आणि ऑगस्टीनचा मित्र, थागास्तचा अलिपियस, मधेच म्हणतो: आमच्याकडच्या ग्रीक प्रतींत हे कुठे सापडत नाही. अस्सल प्रत कॉन्स्टँटिनोपलला आहे असं म्हणतात. तिथे माणूस पाठवू, अलेक्झांड्रियालाही पाठवू, आणि रोमच्या बिशपानेही स्वतः मागवून घ्यावी.

फाउस्टिनसला हे अजिबात रुचलं नाही. शंका काढलीच आहे तर ती आमच्या पोपना कळवा, तिकडे ते बघतील, असं त्याचं म्हणणं. आणि इथे आफ्रिकेच्या मंडळींची रीत बघा. त्यांनी ‘खोटं आहे’ असं म्हटलं नाही. म्हणाले, खरी नक्कल येईपर्यंत आम्ही हे नियम पाळतो. आल्यावर बघू.

नक्कल आली. अलेक्झांड्रियाहून तिथला बिशप सिरिल याने दिलेली इनोसंट नावाचा वडील घेऊन आला, कॉन्स्टँटिनोपलहून तिथला बिशप अटिकस याने दिलेली मार्सेलस नावाचा उपसेवक. निकियाचे नियम वीस. अपिलाचा नियम त्यांत नाही.

मग तो आला कुठून? तुम्ही म्हणालात तिथूनच, सार्डिकाहून. रोमच्या लॅटिन संग्रहात निकियाच्या नियमांच्या पाठीला सार्डिकाचे नियम जोडून लिहिले होते, मधे नवं शीर्षक न घालता, क्रमांकही सलग. कुणी लबाडी केली असं मला वाटत नाही. दोन फायली एका दोऱ्यात बांधल्या गेल्या, वरचं लेबल पहिल्या फायलीचं राहिलं, आणि सत्तर वर्षांनी कुणीतरी ते लेबल वाचून उत्तर तयार केलं. असली उत्तरं मी स्वतः जावक केली आहेत.

अपिआरियसचं पुढे काय झालं, तर त्याला माफी मिळाली, फक्त सिक्का सोडून जा म्हणाले. तो थाब्राकाला गेला आणि तिथेही तेच करून पुन्हा बाहेर. पुन्हा रोम. आता पोप सेलेस्टिन. पुन्हा माफी, पुन्हा फाउस्टिनस त्याला घेऊन आफ्रिकेत. सभेत तीन दिवस फाउस्टिनस त्याची वकिली करत होता, आरोप टोलवत होता. आणि मग अपिआरियसनेच एकाएकी सगळं कबूल करून टाकलं.

त्यानंतर आफ्रिकेच्या बिशपांनी सेलेस्टिनला जे पत्र लिहिलं त्यात ते विचारतात: देव एखाद्या एकट्या माणसाला न्यायबुद्धी देईल आणि सभेत जमलेल्या असंख्य बिशपांना नाकारेल, असं कुणाला तरी पटेल का? आणि समुद्रापलीकडे खटला चालवायचा तर साक्षीदार कसे न्यायचे. काही बायका, काही म्हातारे, काही आजारी. हा दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो. तत्त्व राहू द्या, साक्षीदार बोटीत चढणार कसे ते सांगा.

पूर्वरंग

या गोष्टीचा जुळा भाऊ पूर्वेकडे आहे, तो राहायला नको.

निकियाच्या सहाव्या नियमात म्हटलंय की जुने रिवाज चालू राहोत. इजिप्त, लिबिया आणि पेंटापोलिसवर अलेक्झांड्रियाच्या बिशपाचा अधिकार राहो, कारण रोमच्या बिशपाच्या बाबतीतही अशीच पद्धत आहे. अंत्युखियाचेही हक्क तसेच. तिथे कॉन्स्टँटिनोपलचं नावच नाही, ते शहर तेव्हा नव्या नावाने वसायचंच होतं. ३८१ मध्ये तिथेच भरलेल्या परिषदेने त्याला रोमनंतरचा मान दिला, कारण काय, तर ते नवं रोम आहे. मग ४५१ ला कॅल्सेडनच्या परिषदेत ते पक्कं करायला घेतलं: जुन्या रोमला मान मिळाला तो ती राजनगरी म्हणून, तसाच नव्या रोमला, शिवाय पोंटस, आशिया आणि थ्रेस इथल्या महानगरांच्या बिशपांचा अभिषेक कॉन्स्टँटिनोपल करणार. पेत्राचा उल्लेखही नाही. रोमच्या प्रतिनिधींना हे झोंबणारच.

प्रतिनिधी पास्कासिनस उठला आणि निकियाचा सहावा नियम आपल्या प्रतीतून वाचू लागला. त्याची सुरुवात होती: ‘रोमच्या मंडळीला नेहमीच अग्रस्थान होतं.’ मग कॉन्स्टँटिनोपलच्या बाजूने दिलेल्या प्रतीतून सचिवाने तोच नियम ग्रीकमध्ये वाचला. त्यात ते वाक्य नव्हतं.

बत्तीस वर्षांत दुसऱ्यांदा, काका. तेच निकिया, तेच दप्तर.

रोमचा तेव्हाचा पोप लिओ याने तो ठराव शेवटपर्यंत मानला नाही. गंमत अशी की त्याच परिषदेत काही दिवसांपूर्वी लिओचं श्रद्धेवरचं पत्र वाचलं गेलं तेव्हा याच बिशपांनी ‘लिओच्या मुखातून पेत्र बोलला’ असा घोष केला होता. म्हणजे श्रद्धेवर लिओ बोलला तर पेत्र, हद्दीवर बोलला तर नाही. माझ्या मते यात ढोंग नाही. त्यांच्या लेखी हे दोन निराळे विषय होते.

उलट_तपासणी

हरलो नाही, पण सार्डिकाचं कपाट बंद करतो. तरी एक सांगा काका. पत्रव्यवहाराने सगळं ठरत होतं म्हणता, आणि समोरचा ऐकतच नसेल तर? इमारतीवर कब्जा करून बसला तर पत्र काय करणार?

बारनिशी

असं झालंय. अंत्युखियाचा बिशप, समोसाटाचा पौल. त्याच्याविरुद्धच्या तक्रारी वाचण्यासारख्या आहेत: सरकारी अधिकाऱ्यासारखं उंच आसन करून घेतलं, बिशपपेक्षा ‘ड्युसेनारियस’ ही सरकारी हुद्द्याची हाक त्याला आवडे, उपदेश करताना मांडीवर थाप मारी आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत तर रागवे. २६८ च्या सुमारास बिशपांच्या सभेने शिकवणीवरून त्याला पदावरून काढलं, डोम्नसला नेमलं, आणि रोम व अलेक्झांड्रियाला एकत्र पत्र धाडलं की यापुढे डोम्नसला लिहा. पौल मंडळीच्या घरातून हलेना. शेवटी तक्रार गेली सम्राट ऑरेलियनकडे. हा ख्रिस्ती नव्हे, सूर्याचा भक्त, आणि कॉन्स्टंटाइनला अजून चाळीस वर्षं अवकाश.

त्याने निकाल दिला: इटलीतले आणि रोम शहरातले बिशप ज्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवतात, घर त्यांचं.

त्याला त्रैक्याशी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या शिकवणीशी, काही देणंघेणं नव्हतं. पत्रं कुणाच्या नावाने येतात तेवढं त्याने पाहिलं. पौलाला मग शिपायांनी बाहेर काढलं असणार, तिथे पत्राचा काही उपयोग नाही, हे तुमचं खरं.

रिकामा_फळा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हॅड्रुमेटमची गोष्ट घरी वाचून दाखवली. दादा म्हणाला, पत्ता बदलल्यावर कॉर्नेलियस चिडला, म्हणजे तो स्वतःचा मान ओळखून होता. वहिनी म्हणाली, चिडला म्हणजे दुसऱ्यांनी ओळखायची गरज होती. त्यावर जेवण थंड झालं.

एक शेवटचं राहिलं. अपिआरियस लबाड निघाला हे कळलं. पण सिक्काचा बिशप अर्बानस, त्याचं काय झालं? झोसिमस त्याच्यावर कारवाई करणार होता ना?

बारनिशी

हो. सूचनांत एक कलम त्याच्यावरच होतं: दुरुस्त करण्यासारखं आहे ते केलं नाही तर त्याला बहिष्कृत करावं किंवा रोमला बोलवावं. ४१९ च्या सभेने रोमला जो अहवाल लिहिला त्यात त्याच्यावर एकच वाक्य आहे, की आमचे सहबिशप अर्बानस यांनी त्यांच्यात जे दुरुस्त करण्याजोगं दिसलं ते काहीही आढेवेढे न घेता दुरुस्त केलं.

काय दुरुस्त केलं ते लिहिलेलं नाही. मी तो मसुदा केला असता तर मीही लिहिलं नसतं.